दहावीनंतरची पायरी

एसएसएलसीचा, म्हणजे दहावीचा, निकाल लागला की आमच्या बेळगावजवळच्या येळ्ळूर-खानापूर भागात पहिला प्रश्न 'सायन्स की कॉमर्स' हाच असतो; आयटीआयचे नाव निघते ते गुण कमी पडल्यावरच, आणि तेही आवाज खाली आणून. माझ्या पुतण्याने फिटर ट्रेड घेतला तेव्हा वहिनी महिनाभर शेजाऱ्यांना 'तो कॉलेजला जातो' एवढेच सांगत होती. उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्र्यांच्या आणि मशीन शॉपच्या जिवावर ज्या बेळगाव शहरातील कित्येक घरे उभी राहिली, तिथे ही लाज वाटावी, याचे मला नवल वाटते. आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमानंतर बीईच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, हेही अनेक मुलांना ठाऊक नसते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला मात्र खरी धास्ती असते ती कन्नड-इंग्रजीतल्या थिअरीची. हाताच्या कामाची नव्हे. परवा पुतण्याने व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचे साधन, माझ्या हाती देऊन ०.०२ मिलिमीटरपर्यंतचे माप कसे वाचायचे ते दाखवले. माझे दोनदा चुकले. वहिनी दारातून पाहत होती, आणि हसत होती.