कॉलम बारीक, बिल्डिंग ढिम्म

दादरच्या आमच्या स्ट्रक्चरल कन्सल्टन्सीत मी इंजिनिअर कमी, कोडवाली जास्त. टॉवरची पहिली आकडेमोड ऑफिसच्याच पायथॉन प्रोग्रामवर होते: बिल्डिंगची स्टिफनेस मॅट्रिक्स (कुठला भाग किती ताठ, त्याचा आकड्यांचा तक्ता) मांडायची, वारा-भूकंपाचे लोड लावायचे आणि कुठला जॉइंट किती सरकतो ते काढायचं. जॉइंट २,०००, प्रत्येकाच्या हालचाली सहा, म्हणजे समीकरणं १२,०००.

यात खरा वेळ खातं ते चोलेस्की पद्धतीने मॅट्रिक्सचे घटक पाडणं, म्हणजे ज्यांच्या गुणाकारातून ती परत मिळते अशा सोप्या मॅट्रिक्स काढणं. ते एकदा झालं की लोड केस कितीही असोत, उत्तरं भराभर निघतात. म्हणून घटक कॅशमध्ये, म्हणजे पुन्हा वापरायच्या साठ्यात, ठेवलेले. (मॅट्रिक्सचा इन्व्हर्सच, म्हणजे थेट गुणून उत्तर देणारी उलटी मॅट्रिक्सच, साठवावा असं कुणालाही वाटतं. पण मूळ मॅट्रिक्समध्ये बहुतेक शून्यं, आणि इन्व्हर्स मात्र गच्च भरलेला. १४ कोटी ४० लाख आकडे, एक जीबीच्या वर. नकोच ते.)

त्या दिवशी परळच्या एका टॉवरचे खालचे कॉलम आर्किटेक्टने पार्किंगसाठी बारीक करून मागितले. साइझ बदलून रन केलं, उत्तर चुटकीसरशी हजर. सरांनी प्रिंटआउट हातात घेतला. मुंबईचा ४४ मीटर प्रति सेकंदाचा वारा धरून माथा सरकतो १६८ मिमी. आदल्या रनमध्येही १६८, अगदी दशांशासकट.

"अगं, कॉलम कापले आणि बिल्डिंग ढिम्म?"

कॅशची की, म्हणजे साठवलेलं कुठल्या बिल्डिंगचं ते ओळखायची खूण, कशी बनते ते उघडून पाहिलं. प्रोजेक्टचं नाव, जॉइंट किती, मेंबर किती. बस्स. कॉलमच्या साइझचा पत्ताच नाही! प्रोग्रामच्या लेखी बिल्डिंग जुनीच, त्यामुळे घटकही जुनेच. लिहिणारा केव्हाच दुबईला गेलेला. खात्रीसाठी आलेली विस्थापनं (जॉइंट किती सरकले ते आकडे) नव्या मॅट्रिक्सने गुणली. लावलेला लोड जसाच्या तसा परत यायला हवा. जवळपासही आला नाही. घटक पाडण्याच्या मानाने हा गुणाकार फुकटच, तरी प्रोग्रामात तो कुणी घातला नव्हता. आता प्रत्येक रनच्या शेवटी आहे, आणि की म्हणून मॅट्रिक्समधल्या आकड्यांचाच हॅश, म्हणजे त्यांच्यावरून काढलेला छोटा ठसा; आकडे बदलले की तोही बदलतो. "दरवेळी हॅश काढत बसायचं?" असं शेजारच्या टेबलावरून आलंच. पण शून्यं वगळून उरलेल्या आकड्यांवरून एकदा फिरायला वेळ तो किती लागणार!

कॅश पुसून पुन्हा रन केलं. या वेळी चहा पिऊन झाला तरी चालूच. उत्तर आलं १९१ मिमी. टॉवर ९० मीटरचा. आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे वाऱ्याने माथा उंचीच्या ५००व्या भागाहून, म्हणजे १८० मिमीहून जास्त सरकायला नको.

"जुने साइझ परत टाक," म्हणत सरांनी आर्किटेक्टला फोन लावला.