दौरा मुंबईत संपत नाही: घरी लहान मुलं ठेवून जाणाऱ्या कोल्हापूरकरांसाठी

ऑफिसातल्या प्रत्येकानं मला परदेश दौऱ्यावर जायच्या दिवसाची भीती घातली होती. मुलं रडतील, तुझं मन लागणार नाही, पहिले दोन दिवस काढ, मग सगळं सुरळीत होतं. यातलं काहीही खरं नाही. जायचा दिवस सोपा असतो, कारण त्याची तयारी सगळं घर महिनाभर करत असतं. परत यायच्या दिवसाची तयारी कुणीच करत नाही, आणि कोल्हापूरकराची खरी परीक्षा तिथंच आहे.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. आमची कास्टिंग (ओतून केलेले भाग) जर्मनीला जातात, तिकडे नाकारलेला माल वाढला की माणूस पाठवावा लागतो, आणि या वेळी तो माणूस मी होते. घरी पाच वर्षांचा मुलगा, अडीच वर्षांची मुलगी, नवरा (त्याचं उद्यमनगरात वर्कशॉप आहे) आणि सासूबाई. पासपोर्ट, व्हिसा, विमा, थंडीचे कपडे यावर लिहीत नाही, ते ज्याचं त्याला जमतं. तिकडचं कामही चांगलं झालं, माणसं चांगली होती. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

सांगायचं आहे ते मुंबई ते कोल्हापूर या पट्ट्याबद्दल. फ्रँकफर्टहून दुपारी निघालेलं विमान मुंबईत मध्यरात्र उलटताना उतरतं. कंपनीच्या कागदावर दौरा तिथं संपला. पुढे पावणेचारशे किलोमीटर आहेत, हे तिकीट काढणाऱ्याच्या गावीही नसतं. मला सांगितलं होतं, "गाडी ठरवलीय, झोपून या." बाहेर येऊन गाडीत बसेपर्यंत दोन वाजून गेले. ड्रायव्हर आदल्या दुपारी कोल्हापुरातून निघालेला, विमानतळाच्या पार्किंगमध्ये बसून राहिलेला, जराही झोपलेला नाही. पुणं ओलांडलं तेव्हा त्यानं पहिल्यांदा काच खाली केली. खंबाटकीचा घाट चढताना त्याची मान दोनदा खाली गेली. मी शिरवळला गाडी थांबवून चहा पाजला होता, त्याचा उपयोग वीस मिनिटं झाला. त्यानंतर मी कोल्हापूरपर्यंत त्याच्याशी बोलत राहिले. सातारा-कागल सहापदरीकरणाचं काम चालू होतं. कराडला वळवलेला रस्ता, पुढे पेठ नाक्याकडे सर्व्हिस रोडवर खड्डे, समोर उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन. घरी दोन लहान लेकरं असताना मी हे का सोसतेय, हा एकच विचार डोक्यात होता. माझं मत स्पष्ट आहे: रात्रीच्या विमानानं उतरून त्याच रात्री गाडीनं कोल्हापूरला निघायचं नाही. कुणीही सांगितलं तरी नाही.

आणि पैसे. भाडं ठरलेलं होतं, टोल धरून. दारात उतरल्यावर साडेतीन हजार जास्त मागितले. वेटिंग, नाईट, आणि दोन्ही बाजूंचा टोल वेगळा. "ताई, गाडी जाताना रिकामी गेली, परवडत नाही बघा." ड्रायव्हर बिचारा मालकाचं बोलत होता, त्याच्यावर माझा राग नाही. पण टोलचा हिशेब तपासाच. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर या नाक्यांवर चोवीस तासांत परत आलं तर दोन्ही वेळचा मिळून दीडपट टोल लागतो, दुप्पट नाही. फास्टॅगमधून तो आपोआप तसाच कापला जातो. मी मालकाला फोन करून फास्टॅगचे मेसेज मागितले, तेव्हा टोलची मागणी गुपचूप मागे घेतली गेली. वेटिंगचे मात्र द्यावे लागले, कारण विमानाला उशीर झाल्यास काय, हे लिहून घेतलेलं नव्हतं. भाडं ठरवताना व्हॉट्सअॅपवर चार ओळी लिहून घ्या: टोल कुणाचा, रात्रीचा भत्ता किती, विमान लेट झालं तर तासाला किती, परतीला ड्रायव्हर दुसरा असणार की गाडी घेऊन आलेलाच.

यापेक्षा बरे मार्ग आहेत. फ्रँकफर्टहून हैदराबाद आणि बंगळूरलाही थेट विमानं आहेत, आणि त्या दोन्ही शहरांतून उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, विमान येतं. वार आणि वेळा हंगामानुसार बदलतात, म्हणून आधी कोल्हापूरचं विमान बघायचं, मग परदेशाचं तिकीट त्याला जोडायचं. आमच्याकडे सगळे उलट करतात. मुंबईच हवी असेल तर विमानतळाजवळ झोपा आणि सकाळी उशिरा, झोपलेला ड्रायव्हर घेऊन निघा. नाहीतर सीएसएमटीवरून सकाळची कोयना एक्स्प्रेस पकडा. दिवस जातो, पण जीव मुठीत धरून बसावं लागत नाही. हॉटेलचं बिल कंपनीकडून जायच्या आधी मंजूर करून घ्या. आल्यावर कुणी ऐकत नाही.

आता घरातलं. मी दुपारी पोचले. मुलगा धावत आला. मुलगी सासूबाईंच्या पदरामागे गेली आणि रात्रीपर्यंत माझ्याकडे आली नाही. माझ्या हातचं खाल्लं नाही. झोपताना "आजी पायजे" म्हणून रडली. सासूबाई म्हणाल्या, "तू नव्हतीस तवा एकदा बी रडली नाही गं, आता रडतीया." हे मला एकानंही सांगितलं नव्हतं. मुलांना सवय होते म्हणतात. होते, पण आई नसण्याची, आणि ती मोडायला वेळ लागतो. आल्या आल्या उचलून घेऊ नका, बॅग उघडून खेळण्यांचा मारा करू नका. मी जमिनीवर तिच्या भांडीकुंडीजवळ नुसती बसून राहिले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं स्वतःहून मला खोटा चहा दिला. तो प्याल्यावर मला जे वाटलं ते लिहिता येत नाही.

म्हणून रजा परतीनंतर घ्या. जायच्या आदल्या दिवशीची रजा निव्वळ वाया जाते. युरोपातून पूर्वेकडे येताना झोपेचं गणित जास्त बिघडतं. आताही रात्रीचे दोन वाजलेत आणि मी टक्क जागी आहे, सकाळी साडेसहाला डबा करायचा आहे. अशा अवस्थेत कंपनीत जाऊन रिपोर्ट लिहिला तर घरी जाऊन मुलांवरच आवाज चढतो.

फोनची वेळ ठरवताना फरक नीट बघा. उन्हाळ्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार तास. रात्री साडेआठला मुलं झोपायला जातात तेव्हा तिकडे पाच किंवा चार, म्हणजे ऐन मीटिंगमध्ये. मी पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाला सांगितलं की या वेळेत पंधरा मिनिटं मी नसेन. त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. उगीच लाजू नका. धाकटी फोनकडे बघतच नसे, तिला जबरदस्ती केली नाही. थोरल्याला तारखा कळत नाहीत, पण शुक्रवारी अंबाबाईची पालखी निघते हे कळतं. त्याला पालखीचे शुक्रवार सांगून ठेवले होते, आजी त्याला घेऊन जायची, ते उत्तम चाललं.

शाळेत, रिक्षावाल्या मामांकडे आणि डॉक्टरांकडे आधी नवऱ्याचा नंबर द्या. मुलाला ताप आला तेव्हा शाळेनं सकाळी नऊला मला फोन केला, तिकडे पहाटेचे साडेपाच. नवरा शाळेपासून दहा मिनिटांवर होता. तापाच्या औषधाचा डोस वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून लिहून घेऊन फ्रिजवर चिकटवा. गॅस, वीजबिल, शाळेची फी यांचे ओटीपी ज्या नंबरवर येतात तो नंबर घरात राहिला पाहिजे.

जुलैचा उत्तरार्ध आणि ऑगस्टमध्ये दौरा घेऊ नका. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे आपल्याकडे पोरांनाही पाठ आहे. २०१९ आणि २०२१ ला पुराच्या पाण्यानं शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. पाणी एकीकडे, आई दुसरीकडे, हे कुठल्याही गिऱ्हाइकासाठी करायचं नाही. साहेबांना सरळ नाही म्हणा, कारण सांगा. कोल्हापुरातल्या साहेबाला ते कळतं.

पुढचा दौरा नोव्हेंबरात आहे. तिकीट हैदराबादवरून उजळाईवाडीपर्यंत मागितलंय, आणि परतीनंतरची दोन दिवस रजा त्याच अर्जात लिहिलीय. अजून होकार आलेला नाही. आला नाही तर मुंबईत झोप काढूनच निघणार आहे, आणि पोचायची वेळ मुलं शाळेतून यायच्या नंतरची धरणार आहे.