कास्ट सर्टिफिकेट काढताना आमच्या घरात झालेला घोळ

आम्ही नगर जिल्ह्यातले, पंजोबांपासून ख्रिस्ती. पण वडिलांच्या दाखल्यावर मास्तरांनी 'हिंदू महार' लिहिलं आणि माझ्या टीसीवर पण तेच उतरलं. आमच्याकडे यात नवीन काही नाही, रविवारी चर्चला पुढच्या बाकावर बसणारे किती जण कागदावर हिंदू आहेत ते सगळ्यांना माहिती असतं, फक्त कोणी बोलत नाही. मी प्रायव्हेट नोकरीवाला, सर्टिफिकेट कधी लागलंच नाही. प्रश्न आला मुलाच्या इंजिनिअरिंगला.

राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशात एससी दर्जा फक्त हिंदूंना होता, १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध घेतले, ख्रिश्चन बाहेरच. एससीतून ख्रिश्चन झालेल्यांना महाराष्ट्रात ओबीसीत धरतात. म्हणजे फी सवलत कमी, कटऑफ वेगळा, वर नॉन क्रिमीलेअरची, म्हणजे उत्पन्न मर्यादेत असल्याच्या दाखल्याची भानगड. गावात आजोबांना पाणी वरूनच ओतायचे, तेव्हा बाप्तिस्मा झालाय का म्हणून कोणी विचारलं नव्हतं. या नियमाचा मला तेव्हाही राग होता, आजही आहे.

मेहुणा म्हणाला, दाजी कागद खरा आहे, तुम्ही कुठे खोटा बनवताय? आणि बायबलमधली नामान सेनापतीची गोष्ट काढली, २ राजे ५. धन्याबरोबर रिम्मोन या परक्या देवाच्या देवळात वाकावं लागेल म्हणून नामान आधीच क्षमा मागतो आणि अलीशा संदेष्टा त्याला शांतीने जा म्हणतो. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बायको म्हणे मग पेत्राचं काय, कोंबडा आरवायच्या आधी तीनदा येशूला ओळखत नाही म्हणाला तो? दोन्हीकडे वचन हजर! उपास केला, प्रार्थना केली, बायबल उघडून येईल ते पान वाचायचं हेही करून झालं (निघाली १ इतिहासातली वंशावळ, त्यातून काय मार्गदर्शन घेणार).

वाटलं चर्चच्या पाळकसाहेबांना विचारावं. ते म्हणाले मी हो पण म्हणत नाही आणि नाही पण, आधी सेतूतून फॉर्म आणून पूर्ण वाचा. वाचला. त्यात प्रतिज्ञापत्र असतं, धर्म आणि जात स्वतः लिहून खाली सही. तिथे अडलो. टीसीवर मास्तरांनी लिहिलं होतं, हे मला लिहायचं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुद्दुचेरीच्या एका केसमध्ये ख्रिस्ती धर्म पाळायचा आणि आरक्षणासाठी हिंदू म्हणायचं हे चालणार नाही असं म्हटलंय ते माहिती होतं, पण नुसतं घाबरून ठरवायचं नव्हतं. मुलाला फीच्या आकड्यासकट सगळं सांगितलं, कारण कॉलेज त्याचं. तो म्हणाला, "पप्पा, एससीचं काढलं तर उद्या माझं लग्न चर्चमध्ये कोणत्या कागदावर लावणार?"

मग ओबीसीचंच काढायचं ठरलं. त्याला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. गंमत अशी की आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं 'महार' पण लागलं आणि चर्चच्या नोंदवहीतला बाप्तिस्मा पण. ती वही एका कडेने वाळवीने खाल्लेली, पंजोबांचं नाव मात्र शाईत स्वच्छ, त्यांच्या वडिलांचं नाव आणि गाव सुद्धा. तहसीलमधला क्लार्क दोन्ही झेरॉक्स शेजारी ठेवून बराच वेळ बघत होता.

पोराला हवी ती ब्रांच मिळाली नाही, मेकॅनिकलला गेलाय. एज्युकेशन लोन काढलं. व्हॅलिडिटीची फाईल अजून जात पडताळणी समितीकडे आहे, मेहुणा अजून फोन उचलत नाही.