म्हातारा झालो की आवाज जातो

"मॅडम, पहिल्या अंकात मी ठणठणीत असतो. म्हातारा झालो की आवाज जातो."

चौतिशीचा धडधाकट माणूस समोर बसून हे सांगत होता, आणि सांगतानाही दर चौथा शब्द फाटत होता. मी वाचोपचारतज्ज्ञ. एका मोठ्या रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात बसते. आवाजाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांत शिक्षिका सगळ्यांत जास्त, मग भाजीवाले, कीर्तनकार, गाणारे. नट त्या मानाने कमी, आणि येतात तेव्हा शनिवारी प्रयोग असतोच.

याचाही होता. नाटकाचं नाव सांगत नाही. नायक गिरणगावातला पुढारी. पहिल्या अंकात 1982 चा जानेवारी, संप तोंडावर आलेला, आणि हा तिशीतला गडी माईकशिवाय गेट मीटिंग गाजवतोय. सुमारे अडीच लाख कामगार ज्या संपात उतरले, त्याचा पुढारी म्हणजे आवाज तसाच हवा. दुसऱ्या अंकात तोच माणूस सत्तरी ओलांडलेला, चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये नातवासमोर बसलेला. मधल्या वेळात केस पांढरे करायला रंगभूषाकार असतो. आवाज म्हातारा करायचा तो मात्र ज्याचा त्याने.

घसा गेट मीटिंगने बसतोय, अशी दिग्दर्शकाची खात्री होती. ओरडणं दिसतं ना, म्हणून खापर त्याच्यावर.

तोंडातून घालायच्या ताठ दुर्बिणीने तपासलं तर माणूस फार तर 'ई' म्हणू शकतो, संवाद म्हणता येत नाहीत. म्हणून आमच्या सरांनी नाकातून लवचीक दुर्बीण घातली. तिच्या लुकलुकत्या प्रकाशात सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा एकमेकांवर आपटणारे स्वरतंतू पडद्यावर संथ हलताना दिसतात. मी म्हटलं, "करा गेट मीटिंग."

नाकात नळी असताना त्याने सुरुवात केली. "पोरांनो, उद्या पहिल्या पाळीला गेटमधून एकही माणूस आत जाता कामा नये!" तंतूंच्या कडांना समोरासमोर दोन बारीक गाठी दिसत होत्या, पण बाकी गळा मोकळा. दम पोटातून येत होता. कुणीतरी चांगलं शिकवलेलं होतं.

"आता म्हातारा."

त्याने हनुवटी खाली घेतली, आवाज खर्जात ढकलला आणि खरवडायला सुरुवात केली. पडद्यावर खरे तंतू दिसेनासेच झाले. त्यांच्या वर मांसल घड्या असतात, त्यांना आम्ही खोटे स्वरतंतू म्हणतो. दाराला आतून खांदा लावावा तशा त्या दोन्ही बाजूंनी येऊन भिडल्या. नळी काढल्यावर त्याला रेकॉर्डिंग दाखवलं.

"हे काय आहे?"

"तुमचा म्हातारा."

मराठी रंगभूमीवरच्या म्हाताऱ्यांबद्दल माझं जुनं भांडण आहे. पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका स्पर्धेत विशीतली पोरं आजोबा होतात ती अशीच, घोगरा आवाज आणि वर थोडा कंप. पण वय झालं की पुरुषाचा आवाज सहसा जाड होत नाही. तंतू बारीक होतात, मध्ये पुरते मिटत नाहीत, फटीतून हवा निसटते आणि पट्टी थोडी वर चढते. बायकांचं उलट, पाळी गेल्यावर त्यांचा आवाज जरा खाली येतो. शिवाय फुफ्फुसांची लवचिकता कमी होते, छातीचा पिंजरा ताठतो, एका दमात कमी शब्द मावतात. म्हणजे हा गडी तीन-चार महिने नेमका उलट्या दिशेने म्हातारा होत होता.

हे सगळं त्याला तोंडाने सांगण्यात अर्थ नव्हता. बाहेर नेऊन बाकावर बसवलं. म्हटलं, "पेपर वाचल्यासारखं करा, आणि त्या खिडकीकडे कान द्या."

नोंदणीच्या खिडकीवर ऐंशीच्या घरातले एक आजोबा हुज्जत घालत होते. "अहो, माझा नंबर पंच... वीस होता. तुम्ही एकतिसाला... कसं काय सोडलंत?" आवाज पातळ, वर चढलेला. पण दरारा शाबूत! खिडकीतली मुलगी उठून उभी राहिली होती. हा नट बराच वेळ ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "ते वाक्याच्या शेवटी थांबतच नाहीत. मध्येच संपतात."

बरोबर पकडलं त्याने. लिहिलेला स्वल्पविराम श्वासाला ठाऊक नसतो.

मग आम्ही कामाला लागलो. गेट मीटिंगचं तेच वाक्य दुसऱ्या अंकात नातवाला ऐकवायचं होतं. तो आधी शहाण्यासारखा 'पोरांनो'नंतर थांबायचा. मी म्हटलं, तिथे नाही. थोडासाच दम घ्या, भाषणाला उभे राहिल्यासारखे सुटा आणि तो जिथे संपेल तिथे संपू द्या. "पोरांनो, उद्या पहिल्या पाळीला गेटमधून एकही..." इथे संपला. श्वास. "माणूस आत जाता कामा नये." शेवटचा 'नये' मात्र त्याने पहिल्या अंकातल्यासारखाच वर फेकला. मी काही सांगितलं नव्हतं. तो फेकायला दम पुरला नाही, आणि तिथे एकदम तोच माणूस दिसला, चाळीस वर्षांनी. लकब तरुणपणीची आणि भाता म्हातारा. आवाज पूर्ण बदलला असता तर प्रेक्षकाला दुसराच कुणी वाटला असता.

सर दारात उभे राहून ऐकत होते. नाटकाचा विषय निघाला की त्यांना डॉ. श्रीराम लागू आठवतातच. लागू स्वतः कान-नाक-घशाचे सर्जन. 1970 च्या डिसेंबरात 'नटसम्राट' रंगमंचावर आलं तेव्हा त्यांचं वय 43. सरांचं म्हणणं, गळा आतून पाहिलेल्या माणसाला तो खरवडायचा धीरच होणार नाही.

प्रयोग रद्द करा असं सांगण्याइतकं काही नव्हतं. गुरुवारपर्यंत मौन, भरपूर पाणी, आणि स्ट्रॉ पाण्यात बुडवून बुडबुडे काढत 'ऊ'. कुजबुजायचंही नाही. जोर लावून कुजबुजण्यात घशाला आराम नसतो, उलट ताण पडतो. हे नटांना पटवणं सगळ्यांत अवघड.

शनिवारी नाटकाला गेले. मागच्या रांगांपर्यंत पोचेल का, ही दिग्दर्शकाची धास्ती होती, पण दुसऱ्या अंकात ध्वनी बघणाऱ्याने कॉलर माईक जरासा वर घेतला आणि भागलं. नातवाच्या प्रवेशात मात्र लोक पूर्वीसारखे रडत नाहीत, अशी दिग्दर्शकाची कुरकुर. मला ती प्रशंसा वाटली. आधी लोक त्या घशाच्या हालांवर रडत असतील.

पुढच्या तपासणीत गाठी लहान झालेल्या दिसल्या, शस्त्रक्रियेचा विषय निघाला नाही. अडचण आता वेगळीच आहे. म्हातारा जागोजाग श्वासाला थांबतो म्हणून दुसरा अंक पाच मिनिटांनी लांबलाय, आणि पाठोपाठ दुसऱ्या नाटकाचा प्रयोग असला की थिएटरचा माणूस विंगेत घड्याळ दाखवत उभा असतो.