नाशिकहून मुंबई बंदरात: रडारवरचे खोटे ठिपके ओळखायला

मर्चंट नेव्हीची तयारी करणारी आमची नाशिकची पोरं रडारच्या व्याख्या घडाघडा म्हणून दाखवतात, पण पाण्यावर चालू असलेलं रडार त्यांनी पाहिलेलं नसतं. म्हणून नात्यातल्या एका टगमास्टर (मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या टग बोटीचे कप्तान) दादांना गळ घातली आणि नाशिकरोडहून सकाळची पंचवटी एक्सप्रेस धरली. सीएसएमटीला उतरून हार्बर लाइनने डॉकयार्ड रोड गाठायचं. भाऊचा धक्का तिथून जवळ आहे. गोदीत शिरायचं असेल तर प्रवेशपत्र आधी काढा, मूळ ओळखपत्र जवळ ठेवा.

टग सुटण्यापूर्वी मोजक्या गोष्टी पक्क्या हव्यात. हेडिंग लाइन म्हणजे आपल्या टगचं नाक जिकडे आहे ती दिशा दाखवणारी पडद्यावरची रेघ. ईबीएलने (पडद्यावरची फिरवता येणारी रेघ) दिशा मोजायची, व्हीआरएमने (लहानमोठं करता येणारं वर्तुळ) अंतर. पल्स म्हणजे रडार सोडतं तो लहरींचा झटका. तो १ मायक्रोसेकंदाचा असेल, तर एका रेषेत पुढेमागे असलेल्या दोन होड्या १५० मीटरच्या आत आल्या की एकच ठिपका दिसतो, ०.१ मायक्रोसेकंदावर ही मर्यादा १५ मीटरवर येते. बंदरात छोटी पल्स का लावतात, ते इथे पोरांना उमगलं.

खरी मजा एका मोठ्या जहाजाच्या बाजूने जाताना आली. जहाज एकच, पण त्याच दिशेला मागे सारख्या अंतरावर आणखी दोन फिकट ठिपके! रडारच्या लाटा आपली टग आणि ते जहाज यांच्यामध्ये पुन्हा पुन्हा आपटत होत्या. शिवाय खऱ्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना, तेवढ्याच अंतरावर, चाप उमटला होता. तो अँटेनाच्या साइड लोबचा, म्हणजे मुख्य झोताच्या बाजूंना सांडणाऱ्या लाटांचा. दादांनी गेन (रडारची संवेदनशीलता) जरा उतरवला, चाप विरला, जहाज जागेवरच राहिलं.

आपल्याच जहाजाच्या चिमणीच्या दिशेला दिसणाऱ्या ठिपक्यावर मात्र चटकन विश्वास ठेवू नका. रडारची लाट चिमणीवर आपटून दुसरीकडच्या जहाजावर गेली, तर अंतर जवळपास बरोबर आणि दिशा साफ चुकीची दाखवते. आपण वळलो की असा ठिपका चिमणीला चिकटून आपल्याबरोबर फिरतो. जागा मिळाली तर दादांना थोडं वळायला सांगा, हे बघण्यासारखं आहे.

आजूबाजूला इतकी रडारं चालू असतात की पडद्यावर तुटक ठिपक्यांच्या वळणदार माळा दिसतात आणि दर फेरीला जागा बदलतात. हाच इंटरफिअरन्स, म्हणजे दुसऱ्या रडारांच्या लाटांचा व्यत्यय. तो गाळणारा रिजेक्शन बंद करून मुद्दाम बघा. रिजेक्शन चालू असताना रेकॉनची (रडारच्या लाटेला उत्तर देणारा बीकन) खूणही पुसली जाऊ शकते, हे पोरांनी वहीत ठळक लिहून घ्यावं.

पावसाळ्यात जाणार असाल तर ३ सेंटीमीटर आणि १० सेंटीमीटर तरंगलांबीची अशी दोन्ही रडारं असलेलं जहाज मिळतंय का ते विचारा. एकाच सरीत ३ सेंटीमीटरचा पडदा भरून जातो, १० वर पलीकडचं जहाज बरंच स्पष्ट राहतं.