रिकामटेकडे अवयव

दुपारी एक जुने मासिक चाळत असताना चौकटीतला मजकूर नजरेस पडला: अंगठ्याचे टोक करंगळीच्या टोकाला लावा, मनगट किंचित आपल्याकडे वाकवा आणि त्याच्या मधोमध एक दोरी वर येते का ते पाहा. असल्या सूचनेपुढे माझे काही चालत नाही. डाव्या मनगटावर ती दोरी तंबोऱ्याच्या तारेसारखी ताठ उभी राहिली. उजव्यावर मात्र, कितीही जोर लावला तरी, काहीच दिसेना. पामारिस लाँगस नावाच्या स्नायूची ही कंडरा सुमारे 14 टक्के माणसांच्या एका किंवा दोन्ही हातांत नसतेच आणि ती नसल्याने हाताची पकड जाणवण्याइतकी कमी होत नाही. उलट ज्यांना ती असते त्यांच्या हातातून शल्यविशारद ती खुशाल काढून घेतात आणि दुसरीकडे तुटलेली कंडरा सांधण्यासाठी वापरतात. ज्या हाताने मी आजवर सगळे लिहीत आले तोच हात मुळात एक वस्तू कमी घेऊन आला होता, आणि त्याने तसे कधी जाणवू दिले नाही.

अशा नवलांबाबत माझा एक हट्ट आहे. ऑक्टोपसला तीन हृदये असतात आणि त्याचे रक्त निळे असते, किंवा शुक्राचा स्वतःभोवतीचा एक फेरा त्याच्या वर्षापेक्षाही लांबतो, हे मी मान्य करते, पण तो त्यांचा प्रश्न आहे. बसल्या जागी, स्वतःच्या अंगावर ताडून पाहता येते त्यालाच मी नवल म्हणते. आरशाजवळ जाऊन डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात पाहावे, तर तेथे एक गुलाबी घडी दिसते. मांजराच्या किंवा पक्ष्याच्या डोळ्यावरून आडवी सरकणारी तिसरी पापणी आपल्याकडे एवढीच उरली आहे. अंगावर येणारा काटाही त्यातलाच. केसाळ प्राण्याचे केस थंडीत उभे राहिले की त्यांत हवा अडकून ऊब टिकते आणि भीतीने उभे राहिले की प्राणी आहे त्यापेक्षा थोराड दिसतो. आपली दाट लव केव्हाच गेली, पण केसाच्या मुळाशी असलेल्या इवल्या स्नायूला ते कोणी कळवलेलेच नाही.

आमच्या वर्गात एक मुलगा कान हलवत असे. शिक्षक फळ्याकडे वळले की तो चेहऱ्यावरची रेषाही न हलवता दोन्ही कान मागेपुढे करी, आम्ही खुसखुसत असू, आणि शिक्षा आम्हाला होई. तो मात्र कमालीच्या एकाग्रतेने फळ्याकडे पाहत बसलेला असे. मी घरी आरशासमोर पुष्कळ खटपट केली. भुवया चढल्या, टाळू सरकली, एकदा तर नाकपुड्याही फुगल्या, पण कानांनी दाद दिली नाही. कानाभोवतीचे हे स्नायू सगळ्यांनाच असतात, फक्त ते मनाप्रमाणे हलवणे थोड्यांनाच जमते. डार्विनने 1871 च्या आपल्या ग्रंथात अख्खा कान पुढे ओढू शकणाऱ्या एका माणसाची आवर्जून नोंद केली आहे. जर्मनीतल्या सारलांड विद्यापीठातील संशोधकांनी 2020 मध्ये दाखवले, की आपण एखाद्या बाजूच्या आवाजाकडे लक्ष दिले की त्या बाजूच्या कानाचे स्नायू आजही क्षीणपणे सक्रिय होतात. म्हणजे आम्ही सगळेच वर्गात कान हलवत होतो. दिसत त्याचे होते, एवढेच.

असे अवयव निरुपयोगी म्हणून सोडून देण्याचा मोह मात्र जुना आहे. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ रॉबर्ट वीडर्सहाइम याने 1893 मध्ये माणसाच्या शरीरातील 86 अवशेषरूप अवयवांची यादी केली, तीत छातीच्या हाडामागे असणारी थायमस ही ग्रंथीही होती. बालपणी ती मोठी असते आणि वयाबरोबर आक्रसत जाते, म्हणून ती बिनकामाची वाटणे स्वाभाविकच होते. 1961 मध्ये जॅक मिलर यांनी दाखवून दिले, की रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची एक मोठी फौज येथेच तयार होते. टी पेशी हे नाव थायमसच्याच आद्याक्षरावरून आले आहे.

ही गोष्ट येथवरच सांगितली असती तर ती गमतीची राहिली असती. पण मधल्या काळात अनेक डॉक्टरांची अशी समजूत होती, की तान्ह्या बाळांचा झोपेत अचानक होणारा मृत्यू हा वाढलेली थायमस श्वासनलिकेवर दाबल्यामुळे होतो, आणि ती लहान करण्यासाठी हजारो निरोगी बाळांच्या छातीवर क्ष-किरणांचा मारा करण्यात आला. त्यांतील काहींना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला. थायमस वाढलेली आहे हे ठरवले कशावरून होते? शरीररचना शिकण्यासाठी मिळणारी प्रेते बहुतेक गरिबांची असत. उपासमारीने आणि लांबलेल्या आजारांनी थायमस आक्रसते, आणि पिढ्यान्‌पिढ्या तीच आक्रसलेली ग्रंथी पाहून तेच तिचे खरे आकारमान मानले गेले होते. बाळांची ग्रंथी जेवढी असायला हवी तेवढीच होती.