संपातला हंगाम आणि वॉशिंग्टनचे बदली खेळाडू

आम्ही राहतो त्या उत्तर व्हर्जिनियात सप्टेंबर लागला की रविवारचा दिवस अमेरिकी फुटबॉलचा होऊन जातो. मला हा खेळ समजावून सांगितला तो आमच्या शेजाऱ्यांनी. त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे आणि उभे आयुष्य छापखान्यात काढले आहे. एके संध्याकाळी त्यांनी एक जुने तिकीट माझ्यासमोर ठेवले. त्यावर 4 ऑक्टोबर 1987 ही तारीख होती आणि ते कुठेही फाडलेले नव्हते. सामना झाला होता, तिकीट हातात होते, पण ते स्वतः कामगार संघटनेचे सभासद असल्यामुळे संपकऱ्यांना ओलांडून मैदानात जाणे त्यांना पटले नव्हते.

त्या वर्षी एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या खेळाडूंचा संप 22 सप्टेंबरला, हंगामाचे दोनच आठवडे झाले असताना सुरू झाला. करार संपल्यावर आपल्याला हव्या त्या संघाकडे जाण्याची मोकळीक मिळावी, ही जीन अपशॉ यांच्या नेतृत्वाखालील संघटनेची मुख्य मागणी होती. 1982 मध्येही खेळाडू संपावर गेले होते आणि तेव्हा 57 दिवस सामनेच न झाल्यामुळे सोळा सामन्यांचा हंगाम नऊ सामन्यांवर आला होता. या वेळी संघांच्या मालकांनी आधीच तयारी ठेवली होती. एका आठवड्याचे सामने रद्द झाले आणि त्यानंतरचे तीन आठवडे त्यांनी बाहेरून आणलेल्या खेळाडूंना मैदानात उतरवून सामने चालू ठेवले. शिवाय या सामन्यांचे निकाल हंगामाच्या गुणतक्त्यात धरले जाणार होते.

या खेळाडूंना काय म्हणावे, असा प्रश्न मला पडलाच नाही. माझे आजोबा परळच्या गिरणीत कायम होण्यापूर्वी कित्येक वर्षे बदली कामगार होते. रोज सकाळी फाटकाशी उभे राहायचे आणि कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम मिळायचे, हे आमच्या घरात वारंवार ऐकलेले. पण संपकऱ्याच्या जागी उभा राहणारा बदली हा वेगळा. 1982 च्या गिरणी संपाची झळ सोसलेल्या आमच्या घरात त्याच्याविषयी कधी चांगले बोलले गेले नाही, आणि म्हणून वॉशिंग्टनच्या या बदल्यांची हकिगत ऐकताना मी सुरुवातीला अवघडून गेलो होतो.

तेव्हा रेडस्किन्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या संघाचे नाव आज कमांडर्स आहे. संपाच्या काळात व्हर्जिनियातील सराव मैदानाबाहेर नियमित खेळाडू निदर्शने करीत होते आणि आत त्यांचेच प्रशिक्षक जो गिब्स अनोळखी तरुणांकडून डावपेच घोटून घेत होते. संघाच्या व्यवस्थापनातले बॉबी बीथर्ड आणि चार्ली कॅसर्ली यांनी संप होण्याआधीपासूनच अशा खेळाडूंचा शोध चालवला होता. त्यांत इतर संघांनी छाटणीत वगळलेले होते आणि खेळ सोडून पोटापाण्याला लागलेलेही होते. लोकांनी त्यांना संपफोडे म्हणून हिणवले. एरवी तुडुंब भरणाऱ्या आरएफके स्टेडियममध्ये 4 ऑक्टोबरला जवळपास निम्म्या जागा रिकाम्या होत्या. पण सेंट लुईस कार्डिनल्सविरुद्धचा तो सामना त्यांनी 28-21 असा जिंकला. अँथनी ॲलन याने त्या दिवशी झेललेल्या चेंडूंवर 255 यार्डांची मजल मारली. पुढच्या आठवड्यात न्यूयॉर्क जायंट्सचा 38-12 असा पराभव झाला. जायंट्स हे आदल्या वर्षीचे विजेते होते, पण त्यांचे बदली तिन्ही सामने हरले आणि तो हंगाम त्यांना पुन्हा सावरता आला नाही.

तिसरा सामना 19 ऑक्टोबरला, सोमवारी रात्री, डॅलसमध्ये होता. चारच दिवसांपूर्वी संप मिटला होता, परंतु परतण्याची मुदत बुधवारीच संपल्याचे सांगून मालकांनी त्या आठवड्यातही बदल्यांनाच खेळवले. डॅलसचे टोनी डोर्सेट, डॅनी व्हाइट, रँडी व्हाइट यांच्यासारखे नामांकित खेळाडू मात्र संप चालू असतानाच परतले होते, त्यामुळे ते खेळू शकले. वॉशिंग्टनचा एकही नियमित खेळाडू संपाच्या काळात आत गेला नव्हता, आणि असा संघ साऱ्या लीगमध्ये हा एकटाच होता. म्हणजे त्या रात्री वॉशिंग्टनच्या बाजूने मैदानात केवळ बदली होते, आणि ते 13-7 असे जिंकले! शेजाऱ्यांनी हा सामना रेडिओवर ऐकला. घरात एकटे असूनही आपण उठून टाळ्या वाजवल्या आणि मग बराच वेळ स्वतःवरच रागावून बसलो, असे त्यांनी मला सांगितले.

दुसऱ्याच दिवसापासून त्या बदल्यांची गरज उरली नाही आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना घरी पाठवण्यात आले. पंधरा सामन्यांच्या त्या हंगामात वॉशिंग्टनने अकरा सामने जिंकले, त्यांतले तीन यांचे होते. पुढे शिकागो आणि मिनेसोटा यांना हरवून संघ सुपर बोल या विजेतेपदाच्या अंतिम सामन्याला पोहोचला आणि 31 जानेवारी 1988 रोजी सॅन डिएगोत डेन्व्हरविरुद्ध 42-10 असा विजयी झाला. चार सत्रांपैकी एकट्या दुसऱ्या सत्रात त्यांचे 35 गुण झाले. सुपर बोलमध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रे हाती असलेला खेळाडू, म्हणून सुरुवातीपासून खेळणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू डग विल्यम्स त्या सामन्याचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. नियमित खेळाडू एकजुटीने बाहेर राहिले म्हणून परत आल्यावर त्यांच्यात फूट नव्हती, असे शेजारी ठामपणे म्हणतात आणि मलाही ते पटते. इतर अनेक संघांत आत गेलेले आणि बाहेर राहिलेले यांच्यात कटुता राहिली.

परंपरेप्रमाणे विजेत्या संघाला अंगठ्या मिळाल्या, त्या बदल्यांना मिळाल्या नाहीत. घरातल्या साऱ्या संस्कारांसह मला हा अन्याय वाटतो. त्यांना बोलावले मालकांनी, त्यांचे तीन विजय गुणतक्त्यात धरले मालकांनी, आणि श्रेय वाटायच्या वेळी मात्र त्यांचे नाव गाळले गेले. 24 दिवसांच्या संपातून नियमित खेळाडूंच्याही हाती काही लागले नव्हते. संघ बदलण्याची मोकळीक त्यांच्या संघटनेला न्यायालयीन लढ्यानंतर 1993 मध्ये मिळाली, तोवर संपात उतरलेल्या अनेकांची कारकीर्द संपली होती. बदल्यांच्या बोटांत अंगठ्या आल्या त्या 2018 मध्ये.